उभी नाती, आडवी नाती : मर्सिडीज 'डब्ल्यू १२४'ची रूपमीमांसा

मोटारगाडीवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन सुरांत. एक सूर माहितीपत्रकाचा : इतकी अश्वशक्ती, इतका वेग, इतके मायलेज. दुसरा आठवणींचा : वडिलांची पहिली फियाट, खंडाळ्याच्या घाटात तापलेले इंजिन, गणपतीला कोकणात जातानाची अडचण. दोन्ही सूर मला प्रिय आहेत. पण कादंबरीला, चित्राला किंवा इमारतीला आपण जे प्रश्न विचारतो ते या दोन्हींत गाडीला विचारले जात नाहीत. ही कृती अशीच का आहे? तिच्यातले काय आवश्यक आहे आणि काय उगाच? तिच्या रूपामागे कोणता विचार, कोणता समाज आणि कोणता हिशेब उभा आहे?

हे प्रश्न विचारण्यासाठी मी जी गाडी निवडली आहे तिला नावसुद्धा धड नाही. 'डब्ल्यू १२४' हा कारखान्यातला क्रमांक. 'डब्ल्यू' म्हणजे 'वागेन', जर्मन भाषेत गाडी. डाइमलर-बेंझ कंपनीने ती १९८४च्या अखेरीस लोकांपुढे आणली. सेडान प्रथम आली, १९८५ मध्ये स्टेशन वॅगन, १९८७ मध्ये दोन दारांची कूपे आणि १९९१ मध्ये उघड्या छताची गाडी. जर्मनीतली सेडान १९९५ मध्ये थांबली, उघड्या छताची १९९७ पर्यंत चालली. सगळी रूपे मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. इंग्रजीत या वर्गाला 'एक्झिक्युटिव्ह कार' म्हणतात, म्हणजे साहेबाची गाडी. जर्मन संज्ञा अधिक बोलकी आहे : 'ओबेरे मिटेलक्लासे', वरचा मध्यमवर्ग.

या गाडीभोवती एक दंतकथा तयार झाली आहे. 'ही शेवटची खरी मर्सिडीज', असे जगभरचे गाडीवेडे म्हणतात. अभियंत्यांनी खर्चाकडे न पाहता ती केली, म्हणून ती अमर झाली, असा या दंतकथेचा गाभा. मला ती अर्धी खरी आणि अर्धी फसवी वाटते. गाडी थोर आहे यात शंका नाही. पण तिचे थोरपण मजबुतीत शोधले, तर तिच्यातला खरा विचार हातातून निसटतो आणि तो विचार पुढे का टिकला नाही हेही कळत नाही. प्रस्तुत लेखात मला हेच तपासायचे आहे.

पूर्वज आणि प्रसंग

डब्ल्यू १२४चा पूर्वज म्हणजे 'डब्ल्यू १२३'. १९७६ ते १९८६ या काळात त्या गाडीच्या सुमारे सत्तावीस लाख प्रती विकल्या गेल्या. एवढे यश मिळालेल्या गाडीचा वारस घडवणे हे नव्या कंपनीच्या पहिल्या गाडीपेक्षा अवघड काम. वारस फार वेगळा झाला तर जुने गिऱ्हाईक दुखावते, फार सारखा झाला तर नवे गिऱ्हाईक येत नाही.

त्यात काळ बदललेला. १९७३ आणि १९७९ अशा दोन तेलसंकटांनी युरोपला पेट्रोलची किंमत शिकवली होती. पेट्रोल वाचवायचे तर दोन गोष्टी हव्यात : वजन कमी आणि हवेचा अडथळा कमी. गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा एक आकडा असतो, वातरोध गुणांक. जुन्या डब्ल्यू १२३चा तो सुमारे ०.४२ होता. १९८२ मध्ये आउडी कंपनीने आपली नवी '१०० सेडान' ०.३० या आकड्यासह बाजारात आणली आणि सगळ्या जर्मन कारखान्यांची झोप उडवली. डब्ल्यू १२४च्या साध्या आवृत्त्यांनी ०.२९ ते ०.३० गाठले.

इथे समीक्षेला पहिला धागा मिळतो. दोन गाड्यांचा आकडा जवळजवळ एकच आहे, पण आउडीकडे पाहताच तो आकडा डोळ्यांना जाणवतो. गुळगुळीत कडा, पत्र्याच्या पातळीत बसवलेल्या काचा, साबणाच्या वडीसारखा देह. डब्ल्यू १२४ समोरून पाहिली तर तीच जुनी उभी क्रोमची जाळी, तेच चौकोनी दिवे, वर तोच तीन टोकांचा तारा. हवेशी केलेला समझोता तिने अंगाखाली, कडांमध्ये आणि पाठीमागे लपवला आहे. आपण किती नवे आहोत हे आउडी सांगते. डब्ल्यू १२४ सांगते की आपण कोणाच्या घरातले आहोत, आणि नवेपण तुम्हाला वापरताना कळेल.

सॅकोचे दोन नियम

या वृत्तीला नाव देणारा माणूस म्हणजे ब्रुनो सॅको. १९३३ मध्ये इटलीतल्या उदिने गावी जन्मलेला हा संकल्पक १९५८ मध्ये डाइमलर-बेंझमध्ये दाखल झाला आणि १९७५ पासून १९९९ पर्यंत तिथल्या रूपविभागाचा प्रमुख राहिला. डब्ल्यू १२४च्या बाह्यरूपाचे श्रेय त्याच्या हाताखालच्या योझेफ गालित्सेनडॉर्फर आणि पेटर फायफर यांनाही दिले जाते. सॅकोने कंपनीच्या सगळ्या गाड्यांसाठी दोन नियम घातले होते. एक 'आडवी एकरूपता' : एकाच वेळी विकल्या जाणाऱ्या लहान-मोठ्या गाड्या भावंडांसारख्या दिसल्या पाहिजेत. दुसरा 'उभी जवळीक' : नवी गाडी आली म्हणून आदली गाडी एका रात्रीत म्हातारी दिसता कामा नये.

आडवा नियम आज सगळेच पाळतात, कारण त्यात धंद्याचा फायदा उघड आहे. उभा नियम मात्र धंद्याच्या तर्काला उलटा जातो. नवी गाडी खपवायची सोपी युक्ती म्हणजे जुनी लाजिरवाणी वाटायला लावणे. अमेरिकी कारखान्यांनी दर वर्षी मॉडेल बदलून नेमके हेच केले. सॅकोचा नियम सांगतो की ज्याने सात वर्षांपूर्वी पदरचे पैसे मोडून गाडी घेतली त्याचाही मान राखा. म्हणून मला हा सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही नियम वाटतो.

आपल्याकडे या कल्पनेला नवा शब्द शोधायची गरज नाही. गायकीतली घराण्याची कल्पना तिच्या जवळ जाते. शिष्य गुरूची नक्कल करत नाही, पण त्याचे गाणे ऐकून गुरूचे गाणे शिळे वाटत नाही. उलट अधिक कळते. डब्ल्यू १२४ शेजारी डब्ल्यू १२३ उभी केली तर असेच होते. जुनीतला गोलावा नवीत ताणला गेला आहे, क्रोम कमी झाले आहे, पाठ निमुळती झाली आहे. पण जाळी, दिवे, छत आणि खांद्याची रेष यांचे परस्परांशी प्रमाण ओळखीचे राहते.

कारण दाखवणारे रूप

नाते सांभाळले म्हणून कृती चांगली होत नाही, नाहीतर प्रत्येक वारस कलावंत ठरला असता. डब्ल्यू १२४चे रूप मला मोठे वाटते ते तिचे जवळपास प्रत्येक वळण स्वतःचे कारण सांगू शकते म्हणून.

पुढच्या काचेवर एकच वायपर आहे. एक वायपर साधा फिरवला तर तो अर्धवर्तुळ पुसतो आणि वरचे दोन कोपरे ओले राहतात. इथे वायपरच्या मुळाशी एक दंतचक्राची रचना आहे. कोपऱ्याकडे जाताना ती वायपरला बाहेर ढकलते आणि मध्यावर पुन्हा आत ओढून घेते. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. पावसात ही गाडी पाहणाऱ्याला तो हात लांब-आखूड होताना दिसतो. यंत्राची हुशारी अशी उघड्यावर काम करताना पाहण्यात जो आनंद आहे तो आजच्या गाड्यांच्या पडद्यांवर मिळत नाही.

मागचे दिवे पाहा. त्यांची काच सपाट नाही, आडव्या पन्हाळ्यांची आहे. धावत्या गाडीच्या मागे चिखल आणि धूळ उडून दिव्यांवर बसते. पन्हाळीच्या आतला भाग त्यापासून वाचतो आणि दिवा दिसत राहतो. ही युक्ती कंपनीने १९७१ पासूनच्या गाड्यांवर वापरली होती. डिकीचे झाकण दोन दिव्यांच्या मधून थेट बंपरपर्यंत खाली येते आणि खाली येताना अरुंद होत जाते. त्यामुळे जड सामान उंच कठड्यावरून उचलावे लागत नाही, आणि दिव्यांना त्यांचा तिरका आकार मिळतो. म्हणजे दिव्याच्या आकाराचे कारण डिकी, डिकीच्या आकाराचे कारण माणसाची कंबर. असे एकातून एक निघत जाणारे रूप चांगल्या निबंधासारखे वाचता येते.

जर्मनीत या विचाराला परंपरा होती. श्टुटगार्टपासून फार लांब नसलेल्या उल्म शहरात १९५३ ते १९६८ या काळात एक रूपविद्यालय चालले. वस्तूचे रूप तिच्या उपयोगातून आणि बनावटीतून तर्काने निघावे, असा तिथला आग्रह होता. ब्राउन कंपनीच्या रेडिओंनी आणि डीटर राम्सच्या कामाने तो घरोघर नेला. डब्ल्यू १२४ या मुशीतली आहे. मात्र एक फरक आहे. उल्मच्या शुद्ध तर्काला ती उभी क्रोमची जाळी आणि बॉनेटवरचा तारा पटला नसता, कारण त्यांना उपयोगाचे कारण नाही. ते निव्वळ कुळाचे चिन्ह आहे. म्हणजे या गाडीच्या समोरच्या बाजूला वंश बोलतो आणि मागच्या बाजूला तर्क. या दोघांत भांडण होत नाही हे संकल्पकांचे कौशल्य. तरीही तर्काने सारे काही सिद्ध केल्याचा जो दावा या गाडीच्या वतीने केला जातो, तो समोरून पाहिल्यावर टिकत नाही, हे नोंदवले पाहिजे.

न दिसणारा भाग

गाडीचा सर्वांत मोठा नवा विचार जमिनीजवळ, अंधारात आहे. कोणतीही वस्तू अवकाशात सहा प्रकारे हलू शकते : तीन दिशांनी सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. मागच्या चाकाच्या आधाराने मात्र यातली एकच हालचाल करावी, खड्ड्याप्रमाणे वर-खाली होण्याची, अशी आपली अपेक्षा असते. म्हणजे पाच हालचाली अडवायच्या. जर्मन अभियंत्यांनी प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र दांड्या दिल्या. पाच अडसर, पाच दांड्या, आणि उरली ती एक हवी ती हालचाल. जुन्या रचनेत चाक एका तिरक्या, रुंद बाहूवर टांगलेले असे. वळणावर भार बदलला की चाकाचा कोन बदले आणि गाडीची पाठ अस्वस्थ होई. पाच दांड्यांची रचना प्रथम १९८२च्या लहान '१९०' गाडीत आली आणि मग डब्ल्यू १२४मध्ये. पुढे जगभरच्या कारखान्यांनी या ना त्या रूपात हा विचार उचलला.

सुरक्षिततेचेही तसेच. बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना अशी होती की गाडी सर्वत्र कठीण नसावी. टोके चुरगळावीत आणि मधली माणसांची पेटी शाबूत राहावी. डब्ल्यू १२४ आखताना कंपनीने याच्या पुढचा प्रश्न घेतला. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन गाड्या नाकासमोर नाक अशा क्वचितच आदळतात. चालक शेवटच्या क्षणी स्टेअरिंग वळवतो आणि गाडीची एकच बाजू सापडते. म्हणून ताशी ५५ किलोमीटर वेगाने समोरच्या केवळ ४० टक्के भागावर होणारी धडक गृहीत धरून सांगाडा आखला गेला.

'मजबूत' या शब्दाविषयी इथे थोडे थांबायला हवे. आपल्याकडे जुन्या गाडीचे कौतुक करताना पत्र्यावर बोटाने टकटक करून दाखवतात : बघा, कसा जाड! डब्ल्यू १२४ अशा अर्थाने मजबूत नाही. कुठे मोडायचे हे तिने ठरवून ठेवले आहे. पत्रा जाड करण्याऐवजी निवडक जागी अधिक ताकदीचे पोलाद वापरून वजन उतरवले आहे. तिची दणकट म्हणून झालेली ख्याती खरे तर हिशेबी संयमाची ख्याती आहे.

एका देहात अनेक वर्ग

साहित्यसमीक्षेत आपण पात्राचा वर्ग विचारतो. गाडीलाही विचारायला हवा. या गाडीची सर्वांत गरीब आवृत्ती '२०० डी'. डिझेल इंजिन, ७२ अश्वशक्ती, काचा हाताने फिरवायच्या. सर्वांत श्रीमंत '५०० ई'. आठ सिलिंडर, ३२६ अश्वशक्ती, वेग ताशी २५० किलोमीटरला मुद्दाम अडवलेला. या दोघींचा देह जवळजवळ एकच.

'५०० ई'ची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९९० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली. तिची मडगार्डे इतर गाड्यांपेक्षा थोडी रुंद होती आणि झिंडेलफिंगनच्या कारखान्यातल्या नेहमीच्या रांगेवर ती मावत नव्हती. जवळच त्सुफेनहाउझेनमध्ये पोर्शे कंपनी आर्थिक अडचणीत होती आणि तिथे हात रिकामे होते. मर्सिडीजने काम पोर्शेला दिले. सुटे भाग इकडून तिकडे, रंगासाठी देह पुन्हा इकडे, जोडणीसाठी पुन्हा तिकडे, असे करत एक गाडी पुरी व्हायला अठरा दिवस लागत. १९९५ पर्यंत अशा १०,४७९ गाड्या झाल्या. एवढा खटाटोप करून मिळाले काय? जाणकाराशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी गाडी. चाकांवरचा किंचित फुगवटा सोडला तर ती शेजारच्या डॉक्टरच्या गाडीसारखी दिसते.

दुसऱ्या टोकाला टॅक्सी. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीसाठी फिकट हस्तिदंती रंग ठरलेला होता, आणि त्या रंगात डिझेल मर्सिडीज हे तिथल्या प्रत्येक स्थानकाबाहेरचे नेहमीचे दृश्य. म्हणजे बँकेचा संचालक सकाळी ज्या गाडीतून कचेरीत जाई, तीच गाडी त्याचा कारकून रात्री शेवटची ट्राम चुकल्यावर भाड्याने घेई. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने स्वतःविषयी जे चित्र उभे केले, वर्गभेद आहेत पण ते डोळ्यांत खुपू नयेत असे, ते या गाडीत पत्र्यावर उतरले आहे. भेद बॉनेटखाली आहे, देहावर नाही. हा समतेचा आविष्कार आहे की भेद झाकण्याची सभ्य रीत? मला दोन्ही वाटते, आणि या गाडीचे सामाजिक वाचन याच दुहेरीपणातून सुरू व्हायला हवे.

दंतकथेचा हिशेब

आता दंतकथेची दुसरी बाजू. खर्चाकडे न पाहता केलेली गाडी, असे म्हणताना कोणी खर्च दिला हे विसरले जाते. १९८०च्या दशकात या वर्गात मर्सिडीजला किमतीच्या बाबतीत फारसे आव्हान नव्हते. अभियंते गाडी आखत, मग हिशेबनीस किंमत लावत, आणि गिऱ्हाईक ती देई. एबीएस ब्रेक आणि एअरबॅग सुरुवातीला साध्या आवृत्त्यांत वेगळे पैसे मोजल्यावरच मिळत. सभ्यता सर्वांना सारखी होती, सुरक्षितता नव्हती.

दोषही होते. आरंभीच्या पेट्रोल गाड्या वेग बदलताना असा झटका देत की जर्मनीत त्याला दूरदर्शनवरच्या 'बोनान्झा' या घोडेस्वारांच्या मालिकेवरून नाव पडले होते. शेवटच्या वर्षांतल्या कित्येक गाड्यांत इंजिनाजवळच्या वायरींवरचे वेष्टन उष्णतेने कडक होऊन त्याचे तुकडे पडू लागले. पर्यावरणाला जड जाऊ नये म्हणून निवडलेले ते वेष्टन, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्या आवृत्त्या सर्वांत परिपक्व म्हणून गौरवल्या जातात नेमक्या त्यांनाच हा रोग जडला. 'शेवटची खरी मर्सिडीज' म्हणणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवावा.

१९८९ मध्ये टोयोटाने 'लेक्सस' नावाने मोठी गाडी अमेरिकेत आणली आणि तिथल्या जर्मन गाड्यांच्या किमतीचा पाया हलवला. १९९३ मध्ये हेल्मुट वेर्नर मर्सिडीज-बेंझचे प्रमुख झाले आणि कंपनीचा हिशेब उलटा फिरला. बाजारात कोणती किंमत चालेल ते आधी ठरवायचे आणि तेवढ्यात बसेल अशी गाडी आखायची. त्याच वर्षी डब्ल्यू १२४चा चेहरा थोडा बदलला आणि तिला 'ई-क्लास' हे नाव मिळाले. तोवर '३०० ई' मधला शेवटचा 'ई' पेट्रोल फवारून देणाऱ्या यंत्रणेचे जर्मन आद्याक्षर होता. आता तो पुढे येऊन 'ई ३००' झाला आणि वर्गाचे नाव बनला. अक्षर एका यंत्राचे होते, ते बाजारातल्या जागेचे झाले. स्थित्यंतराची इतकी नेमकी खूण क्वचितच सापडते.

१९९५ मध्ये वारस आला, 'डब्ल्यू २१०'. चार गोल दिव्यांचा चेहरा. देखणा म्हणा वा विचित्र, पण त्याच्या शेजारी डब्ल्यू १२४ एका रात्रीत जुनी दिसू लागली. सॅको अजून प्रमुखपदी होता. तरी त्याचा उभा नियम मोडला होता. मला ही घटना संकल्पकाच्या अपयशाची वाटत नाही. जुन्या गिऱ्हाइकाचा मान राखणे कंपनीला परवडेपर्यंतच नियम उभा होता, एवढे तिने दाखवले.

पिंपरीतला उत्तरार्ध

या गाडीच्या कथेत आपला एक छोटा पण खरा अध्याय आहे. भारताला मर्सिडीजचा तारा ओळखीचा झाला तो साहेबाच्या गाडीवरून नव्हे, ट्रकवरून. १९५४ पासून १९६९ पर्यंत टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवले आणि त्यांच्या नाकावर तो तारा असे. उदारीकरणानंतर १९९४ मध्ये याच दोन कंपन्यांनी पुन्हा भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्यांची जोडणी सुरू झाली. पहिली गाडी डब्ल्यू १२४, 'ई २२०' आणि डिझेलवरची 'ई २५० डी' या दोन आवृत्त्यांत.

म्हणजे ज्या वर्षी जर्मनीत ही सेडान निवृत्त झाली त्याच वर्षी ती पुण्यात नवी म्हणून अवतरली. टाकाऊ माल आपल्या गळ्यात मारला, अशी टीका तेव्हा झाली आणि तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. पण समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक विरोधाभासही आहे. आपल्याकडे तोवर जुनी रूपे चालत होती ती पर्याय नव्हता म्हणून. ॲम्बॅसडर १९५०च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा देह घेऊन २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी होऊन २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. या गाड्यांवर माझा लोभ आहे, पण त्यांचे दीर्घायुष्य कोणी निवडलेले नव्हते. डब्ल्यू १२४मधले सातत्य निवडलेले होते. न बदलण्याची सक्ती आणि न बदलण्याचा निर्णय यांत जो फरक आहे तो परंपरेविषयीच्या आपल्या सगळ्या चर्चेत मोलाचा आहे. मात्र जर्मनीत जी गाडी टॅक्सीही होती, ती पुण्यात निव्वळ ऐश्वर्याची खूण झाली. देह तोच, पण त्याच्या दोन टोकांपैकी एकच इथे पोहोचले.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका परिचिताच्या गॅरेजमध्ये अशी एक पिंपरीत जोडलेली गाडी मला तासभर न्याहाळता आली. मेकॅनिकने बॉनेट उचलले आणि ते नेहमीच्या तिरक्या जागी न थांबवता सरळ उभे केले, भिंतीसारखे. काम करणाऱ्याच्या डोक्याला ते लागू नये म्हणून ही सोय कारखान्यानेच दिलेली आहे. आत सारे मोकळे. कोणती नळी कुठे जाते ते माझ्यासारख्यालाही दिसत होते. तो म्हणाला, "साहेब, हिच्यात हात जातो. नव्या गाड्यांत फक्त मशीन लावून वाचायचं."

मला या वाक्यात साऱ्या दंतकथेचे उत्तर दिसते. श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयाला ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने २००४ मध्ये आपली १९७६ची '२४० डी' दिली. ती डब्ल्यू १२४च्या आजीच्या पिढीतली. ती ४६ लाख किलोमीटर धावली होती. अमरत्वाचा पुरावा म्हणून ती दाखवली जाते. पण या प्रवासात तिचे इंजिन अनेकदा काढून बदलले गेले होते. ती टिकली ती मोडली नाही म्हणून नाही. ती मोडल्यावर पुन्हा जोडता येत होती, आणि कोणीतरी ती पुन्हा पुन्हा जोडली, म्हणून टिकली.

डब्ल्यू १२४चे मोठेपण मला इथे सापडते. तिने आपल्या आदल्या पिढीचा मान राखला, आपल्या रूपाची कारणे उघडी ठेवली, आणि आपल्यानंतर जो हात लावेल त्याच्यासाठी बॉनेट सरळ उभे करून ठेवले. सॅकोच्या दोन नियमांत हा तिसरा लिहिलेला नाही, पण तो त्यांच्याच जातीचा आहे. यांतले काहीच खर्चाशिवाय होत नाही, आणि तो खर्च करण्याची ऐपत व इच्छा एका कंपनीजवळ, एका देशात, दहा-बारा वर्षे एकत्र आली होती. ती पुन्हा येईल की नाही हे अभियंत्यांच्या हातात नाही. वस्तू विकत घेताना आपण तिच्यातले काय पाहतो, नवेपण की दुरुस्तीची सोय, यावर ते बरेचसे अवलंबून आहे.